पिशवी घडली, तार जुळायची आहे



आपल्या पाच समितींपैकी शेवटची प्रतिष्ठापन समिती. तिलाच उत्सर्ग समिती असेही म्हणतात. मलमूत्राचे विसर्जन कोठे आणि कसे करावे, जागा कशी पाहून घ्यावी, सूक्ष्म जीवांची विराधना कशी टाळावी, याचा विचार तीत आहे. ज्या परंपरेने शरीराच्या या क्रियेला मुनिआचारात स्थान दिले, तिच्याच घरांतून लघवीच्या तक्रारीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. प्रवचनाच्या मंडपात नेमकी दाराजवळची जागा धरणारे ज्येष्ठ आपण पाहतो. ४८ मिनिटांचे सामायिक पुरे होईल की नाही या धास्तीने ते घरीच आटोपणाऱ्या भगिनी असतात. शिखरजीच्या यात्रेला 'गुडघे चालत नाहीत' असे सांगून नकार देणाऱ्यांपैकी कित्येकांचे गुडघे ठणठणीत असतात. खरे कारण सांगण्यास जीभ रेटत नाही, एवढेच.

या तक्रारींपैकी पुष्कळशा वयोमानाच्या किंवा प्रोस्टेटच्या असतात व त्यांवर औषधे आहेत. आजच्या लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतूच निकामी झाले तर काय होते, आणि शरीराबाहेर पेशी वाढवून, त्यांच्यापासून नवी ऊती घडवून ती हानी भरून काढण्याचे जे प्रयत्न जगात चालले आहेत ते कोठवर आले आहेत, हे आज पाहू. मी वैद्य नव्हे; माझे शिक्षण वाणिज्याचे. परंतु या विषयात विज्ञान आणि बाजार यांची सरमिसळ इतकी झाली आहे की, हिशेब तपासण्याची सवय असलेल्या माणसाने त्यात लक्ष घालणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

मूत्राशयाला कामे दोनच : साठवणे आणि रिकामे होणे. साठवताना पिशवीच्या भिंतीचा स्नायू सैल राहतो आणि तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू आवळलेला असतो. रिकामे होताना याच्या नेमके उलट घडावे लागते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, आणि ती भरत असताना आतला दाब जवळजवळ वाढत नाही, हे या अवयवाचे खरे वैशिष्ट्य. पिशवीने आकुंचन पावावे हा आदेश मज्जारज्जूच्या तळाकडील, त्रिकास्थीच्या भागातील दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाच्या मज्जातंतूंतून येतो. साठवणीच्या काळात तिने शांत राहावे यासाठीचे तंतू त्याहून वर, पाठ व कंबर यांच्या सीमेवरून निघतात. झडपेवर आपल्या इच्छेचा ताबा ठेवणारी तिसरी वाट निराळीच. या सर्वांचा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या बुंध्यात आहे. ते बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. तान्हे मूल कोठेही, केव्हाही लघवी करते आणि तीन-चार वर्षांचे झाले की सांगू लागते, याचे कारण मेंदूचा वरचा भाग या केंद्रावर हळूहळू आपला अंमल बसवतो, हे होय.

आता ही तार कोठे तुटली, यावर सारे अवलंबून असते. अपघातात पाठीच्या मध्यावर मज्जारज्जू छेदला गेला तर खालचे तंतू जिवंत राहतात, पण वरचा मेळ घालणारा कारभारी नाहीसा होतो. मग पिशवी आपल्या मनाने आकुंचन पावते आणि त्याच क्षणी झडपही आवळली जाते. लघवी बाहेर पडत नाही, दाब मात्र चढतो आणि तो उलटा मूत्रपिंडांवर पडतो. याउलट त्रिकभागातील तंतूच गेले असतील तर पिशवी शिथिल होते, काठोकाठ भरते आणि थेंबथेंब गळत राहते. जुन्या मधुमेहात होते ते याच जातीचे : प्रथम भरल्याची जाणीव बोथट होते, माणूस आठ-आठ तास लघवीला जात नाही आणि 'आता पूर्वीसारखे वारंवार उठावे लागत नाही' म्हणून समाधान मानतो. गर्भाशयाच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतही ओटीपोटातील मज्जातंतूंचे जाळे दुखावते. आणि लहान मुलांत या व्याधीचे प्रमुख कारण म्हणजे स्पायना बायफिडा. गर्भात पाठीचा कणा नीट मिटत नाही, मज्जारज्जू उघडा राहतो आणि मूल जन्मतःच दुबळे मज्जातंतू घेऊन येते.

अमेरिकेतील मॅकग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशाच मुलांच्या मूत्राशयातील दाब मोजला. ज्यांच्या बाबतीत लघवी गळू लागण्यापूर्वी आतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाहून अधिक चढत होता, त्यांच्या मूत्रपिंडांची हानी होण्याचा धोका मोठा आढळला. हा आकडा आजही वापरात आहे. कपडे ओले होण्याचे दुःख घरच्यांना दिसते, दाब दिसत नाही. आणि जीव घेतो तो दाबच.

हा दाब औषधांनी आटोक्यात येईना, तर आतड्याचा तुकडा घेऊन मूत्राशयाला जोडायचा व पिशवी मोठी करायची, ही शस्त्रक्रिया जगभर रूढ आहे. ती उपयोगी आहे, परंतु आतडे हे शेवटी आतडेच. त्याचा धर्म शोषून घेण्याचा व बुळबुळीत स्राव सोडण्याचा. त्यामुळे पुढे मूतखडे, रक्तातील क्षारांचा बिघाड, वारंवार संसर्ग असे त्रास उद्भवतात. येथूनच एका शल्यविशारदाला प्रश्न पडला की, उसने आतडे लावण्याऐवजी त्या मुलाच्याच मूत्राशयाच्या पेशी वाढवून नवी भिंत का घडवू नये?

त्यांचे नाव अँथनी अटाला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम कुत्र्यांमध्ये असे मूत्राशय बसवले (तो अहवाल १९९९ चा), आणि त्याच सुमारास बॉस्टनच्या बाल रुग्णालयात माणसांवरही आरंभ केला. रीत ऐकण्यासारखी आहे. मुलाच्या मूत्राशयातून टपाल तिकिटाएवढा तुकडा काढायचा. त्यातील स्नायूच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवायच्या. विरघळणाऱ्या पदार्थाचा मूत्राशयाच्या आकाराचा साचा करून त्याच्या बाहेरून स्नायूपेशी व आतून अस्तराच्या पेशी पेरायच्या. असा साचा सुमारे सात-आठ आठवड्यांनी शरीरात बसवायचा. पुढे साचा विरघळून जातो आणि त्याच्या जागी जिवंत भिंत उरते. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वांना स्पायना बायफिडा होता. वये ४ ते १९. वर्तमानपत्रांनी 'प्रयोगशाळेत वाढवलेला पहिला अवयव' म्हणून ठळक मथळे दिले आणि त्यात वावगे काही नव्हते. ज्यांच्या साच्याला पोटातील चरबीच्या पडद्याचे, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या वपाजालाचे, आवरण दिले होते त्यांचे निष्कर्ष अधिक चांगले होते. मात्र ही मुले आपोआप, इतरांसारखी लघवी करू लागली, असा दावा त्या अहवालात कोठेही नाही. मथळे वाचणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली नाही.

यापुढचा भाग मला, माझ्या व्यवसायामुळे असेल, अधिक बोधप्रद वाटतो. हे तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी अमेरिकेत टेंजियन नावाची कंपनी निघाली. २०१० मध्ये तिचे समभाग भांडवल बाजारात आले. तिने स्पायना बायफिडाच्या १० मुलामुलींवर रीतसर चाचणी घेतली आणि त्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मूत्राशयाची धारणक्षमता किंवा लवचीकता यांत नाव घेण्याजोगी सुधारणा आढळली नाही. उलट चौघांना आतड्यात अडथळा किंवा मूत्राशय फुटणे असे गंभीर त्रास झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेअर घेणाऱ्यांचे पैसे बुडाले ते बुडाले. परंतु त्या संशोधकांनी आपले अपयश आकड्यांसह छापले, ही गोष्ट मी मोठी मानतो. अनुत्पादित कर्ज ताळेबंदात स्पष्ट दाखवणारी शाखा आणि ते नव्या कर्जाखाली झाकणारी शाखा, यांतला फरक आमच्या व्यवसायातील माणसास वेगळा सांगावा लागत नाही.

अपयश का आले असावे? कारणे अनेक मांडली जातात. आजारी मूत्राशयातून काढलेल्या पेशीही काही अंशी आजारीच असतात; मोठ्या तुकड्याला रक्तपुरवठा लवकर पोहोचत नाही व मधल्या पेशी मरतात; भिंत आकसते. पण माझ्या अल्पमतीला सर्वांत ठळक वाटलेले कारण साधे आहे. भिंत नवी आली, पण त्या भिंतीला आदेश देणारी तार जुनीच, तुटलेली राहिली. घर नव्याने बांधले तरी विजेच्या खांबापासूनची जोडणी नसेल तर दिवा लागणार नाही. म्हणून आता संशोधकांचे लक्ष पिशवीइतकेच तारेकडे वळले आहे.

मज्जातंतूंच्या बाबतीत निसर्गाने दोन निराळे कायदे केले आहेत. हातापायांतील किंवा ओटीपोटातील बाह्य मज्जातंतू तुटला की तुकड्याचा पुढचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूवर हे दाखवले. परंतु मरणाऱ्या तंतूभोवतीच्या श्वान नावाच्या पेशी जिवंत राहतात, कचरा साफ करतात, रांगा धरून उभ्या राहतात आणि त्या रांगांच्या आधाराने वरचा तंतू पुन्हा खाली वाढू लागतो. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे एक वीत अंतर कापायला सात-आठ महिने. अंतर फार असले तर तंतू वाट चुकतो किंवा पोहोचेपर्यंत पुढचा स्नायू वाळून जातो. दोन टोकांमधील पोकळी भरण्यासाठी पायाच्या पोटरीमागचा, केवळ स्पर्शाची जाणीव देणारा मज्जातंतू काढून तेथे कलम करतात. त्याने पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येतो, पण हे कलम अजूनही सर्वोत्तम समजले जाते. याला पर्याय म्हणून विरघळणाऱ्या पदार्थाची नळी दोन टोकांमध्ये बसवतात. अशा नळ्या विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मान्यता मिळून हाताच्या शस्त्रक्रियांत वापरल्या जात आहेत. मात्र सुमारे ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पोकळीत त्यांचा भरवसा देता येत नाही. नळीत श्वान पेशी किंवा मूलपेशी पेरणे, वाढीला उत्तेजन देणारी प्रथिने भरणे, आतून तंतूंना दिशा देणाऱ्या बारीक खाचा कोरणे, हे सारे प्रयोग ही मर्यादा ओलांडण्यासाठीच आहेत. ओटीपोटातील मूत्राशयाचे तंतू तर केसासारखे बारीक आणि जाळ्यासारखे पसरलेले. ते हाताच्या मज्जातंतूसारखे पकडून टाके घालण्याजोगे नसतात, म्हणून तेथील संशोधन बहुतांशी उंदरांपाशीच आहे.

दुसरा कायदा मज्जारज्जूचा, आणि तो कठोर आहे. तेथे तुटलेला तंतू आपणहून वाढत नाही. जखमेवर जो व्रण तयार होतो तोच पुढे भिंत होऊन बसतो. तथापि १९८१ मध्ये मॉन्ट्रिअलच्या डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या मज्जातंतूचे कलम जोडले, तेव्हा मज्जारज्जूतील तंतू त्या कलमात शिरून काही सेंटिमीटर वाढले. दोष तंतूत कमी आणि भोवतालच्या परिस्थितीत अधिक आहे, हे त्यातून दिसले. हा धागा पकडून ली, सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतील क्लीव्हलंड येथे २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांना त्यांच्याच फासळ्यांमधील मज्जातंतूंचे पूल बसवले, व्रणातील अडथळा विरघळवणारे एक विकर आणि वाढीचे प्रथिन दिले. सहा महिन्यांनी मेंदूच्या बुंध्यातील काही तंतू पूल ओलांडून पलीकडे गेलेले आढळले आणि उंदरांच्या लघवीचा क्रम बराचसा नियमित झाला. चालणे परत आले नाही. मूत्राशय मात्र अंशतः परत आले. माझ्या वाचनात आलेल्या प्रयोगांपैकी या विषयाला इतका थेट भिडणारा दुसरा नाही. तरीही उंदराचा मज्जारज्जू तो केवढा आणि माणसाचा केवढा, हे विसरून चालणार नाही.

स्पायना बायफिडात तिसरीच अडचण आहे. तेथे तुटलेली टोके जोडायची नसतात. तंतू नीट घडलेलेच नसतात आणि गर्भजलात उघडे पडल्याने दिवसेंदिवस अधिक झिजत जातात. म्हणून काही शल्यविशारद आता जन्माच्याही आधी जाऊ लागले आहेत. अमेरिकेतील तीन केंद्रांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला : गर्भ २६ आठवड्यांचा होण्याआधी आईच्या पोटात असतानाच त्याची पाठ शिवली, तर मेंदूतील पाण्यासाठी नळी बसवण्याची गरज बरीच घटते आणि चालण्यात सुधारणा दिसते. मूत्राशयाला मात्र अडीच वर्षांच्या वयापर्यंत स्पष्ट लाभ दिसला नव्हता. ही मुले शाळेच्या वयाची झाल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात कॅथेटर लागणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. त्यापुढची पायरी कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे डायना फार्मर यांच्या गटाने २०२१ मध्ये चढली. पाठ शिवण्यापूर्वी, वारेपासून मिळवलेल्या मूलपेशी पेरलेले ठिगळ गर्भाच्या उघड्या मज्जारज्जूवर ठेवायचे. एकंदर ३५ रुग्णांची ही चाचणी आखण्यात आली. ऊती-अभियांत्रिकीची खरी परीक्षा, मला वाटते, अशा ठिकाणीच होईल. कारण तेथे मेलेले जिवंत करायचे नसून जिवंत आहे ते वाचवायचे आहे.

येथे घरातील सुनालेकींसाठी दोन वाक्ये लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. बाळाचा कणा गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटतो, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. फॉलिक आम्ल पुरेसे असेल तर हा दोष मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने निर्विवाद सिद्ध केले : आधीचे अपत्य असे जन्मलेल्या मातांमध्ये दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची असते. आधी असे अपत्य झाले असल्यास मात्रा पुष्कळ मोठी, ती डॉक्टरच ठरवतील. चातुर्मासात आपल्याकडे पालेभाज्यांचा त्याग असतो आणि फॉलिक आम्लाचा एक मोठा स्रोत त्याच आहेत. मूग, हरभरे, राजमा यांतूनही ते मिळते, पण आहारावर विसंबून गोळी टाळू नये. बी १२ जीवनसत्त्वाचे तसेच. शाकाहारात ते दुधातूनच काय ते मिळते, आणि त्याची दीर्घकाळ कमतरता राहिली तर मज्जारज्जूच झिजतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते. एका रक्ततपासणीने कळणारी ही गोष्ट आहे.

आता एक प्रश्न, जो या मासिकाच्या वाचकाला पडेल आणि इतरत्र क्वचितच पडेल. हे साचे कशाचे? विद्वानांचे अहवाल वाचताना मी ही बाब मुद्दाम शोधत गेलो. मज्जातंतूच्या नळ्यांपैकी काही गाईबैलांच्या स्नायुबंधातील कोलॅजनच्या असतात. मूत्राशयाच्या भिंतीसाठी डुकराच्या लहान आतड्याचा, पेशी धुऊन काढलेला थर पुष्कळ वापरला गेला आहे. कायटोसान हा पदार्थ खेकडे-कोळंबीच्या कवचांतून येतो. बॉस्टनमध्ये रेशमाच्या प्रथिनाचे साचेही तपासले गेले आहेत, आणि रेशीम कसे निघते हे आपल्याला सांगायला नको. कित्येक घरांत लग्नातही ते अंगावर चढत नाही. पेशी वाढवताना वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव वापरण्याची पद्धत प्रयोगशाळांत जुनी आहे. दुसऱ्या बाजूस, पॉलिग्लायकोलिक आम्लासारखे पूर्णतः कृत्रिम पदार्थही आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांचे दोरे त्याचेच असतात. आणि रुग्णाच्या स्वतःच्या पोटरीतील मज्जातंतूच्या कलमात तर दुसऱ्या जीवाचा संबंधच येत नाही.

संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे जे चार भेद श्रावकासाठी सांगितले आहेत, त्यांत हे कोठे बसवायचे, याचा निर्णय त्यागीवृंदाने व विद्वानांनी द्यावा. तो माझा अधिकार नाही. हृदयाची झडप धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हा प्रश्न आपल्या घरांत यापूर्वी आलेला आहे आणि प्रत्येकाने आपल्या विवेकाने तो सोडवला आहे. माझा आग्रह एवढाच की, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी 'साचा कशाचा आहे आणि याला पर्याय कोणता' असे सर्जनना मोकळेपणाने विचारावे. ते हसत नाहीत. आणि आजारी मुलाच्या बापाने एखादा पर्याय स्वीकारला तर त्याच्या धर्मनिष्ठेचा पंचनामा मंदिराच्या पायरीवर होऊ नये.

हे सर्व विस्ताराने लिहिण्यास निमित्त झाले ते दक्षिण महाराष्ट्रातील एका भगिनीचे पत्र. ओळख पटेल असा तपशील मी देत नाही. मुलगी ११ वर्षांची. जन्मतः स्पायना बायफिडा. पाठीची शस्त्रक्रिया झालेली. आई दिवसातून पाच वेळा कॅथेटर घालते, त्यांपैकी दोनदा शाळेत जाऊन. एका खाजगी दवाखान्याने त्यांना सांगितले आहे की, मूलपेशींची इंजेक्शने दिल्यास 'नस पुन्हा उगवेल' आणि कॅथेटर सुटेल. खर्च लाखांत; तीन वेळा करावे लागेल. 'सासऱ्यांनी तिच्या नावाने ठेवलेली मुदत ठेव मोडावी का?' असे त्या विचारतात.

ताई, मोडू नका.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांतील मूलपेशी-रोपण हा मान्य उपचार आहे. ते वगळता मूलपेशींचा अन्य कोणताही वापर हे संशोधन समजावे, ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावे आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. म्हणजे जो दवाखाना पैसे मागतो तो संशोधन करीत नाही, आणि सिद्ध उपचारही देत नाही, कारण या व्याधीवर मूलपेशींचा सिद्ध उपचार आज अस्तित्वात नाही. भारतातील प्रत्येक औषधचाचणीची आगाऊ नोंद केंद्रीय चाचणी नोंदवहीत करणे जून २००९ पासून बंधनकारक आहे. तो नोंदक्रमांक आणि नैतिकता समितीचे मान्यतापत्र लेखी मागा. आम्ही कर्जदाराकडे तारणाची मूळ कागदपत्रे मागत असू. जो खरा असे तो दुसऱ्या दिवशी आणून देई. जो नसे तो आमच्या वरिष्ठांच्या ओळखी सांगू लागे. येथेही तसाच अनुभव येईल.

त्या मुलीच्या मूत्रपिंडांचे रक्षण आज जी गोष्ट करीत आहे ती तिच्या आईच्या हातातील नळी आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक मूत्रसंसर्ग आणि शय्याव्रण यांनी दगावले. पुढे इंग्लंडात गुटमन यांनी ठराविक वेळी, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने मूत्राशय रिकामे करण्याची शिस्त घालून दिली. मग १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी सांगितले की पूर्ण निर्जंतुकतेचीही गरज नाही. हात स्वच्छ धुऊन, स्वच्छ नळीने, वेळ न चुकवता रुग्णाने स्वतः पिशवी रिकामी केली तरी पुरे. संसर्गाचे मूळ नळीपेक्षा तुंबलेल्या, ताणलेल्या पिशवीत अधिक आहे, हा त्यांचा मुद्दा होता. अनेक डॉक्टरांना त्या वेळी तो पटला नाही. आज त्याच पद्धतीने जगभरची मुले मोठी होत आहेत, शिकत आहेत, संसार करीत आहेत. अकराव्या वर्षी मुलीला हे स्वतः करता येते. आरसा घेऊन, चांगल्या परिचारिकेकडून चार-आठ दिवसांत शिकता येते. आईची शाळेतली खेप त्याने वाचेल आणि मुलीला मैत्रिणींच्या घरी राहायला जाता येईल. दाब कमी ठेवणारी औषधे आहेत, ती पुरी पडेनात तर मूत्राशयात द्यायची इंजेक्शने आहेत. वर्षातून एकदा सोनोग्राफी, रक्तातील क्रिएटिनिन आणि डॉक्टर सांगतील तेव्हा दाबाची तपासणी, यांत खंड पडू देऊ नका. ठेवीचे व्याज या कामी लावा. मुलीचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या; आयकराच्या जुन्या प्रणालीने विवरण भरणाऱ्या पालकांना ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची व ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे.

पत्राच्या शेवटी आपण संकोचाने एक प्रश्न लिहिला आहे : मुलीला दशलक्षण पर्वात उपवास करायचा हट्ट आहे, करू द्यावा का? याचे उत्तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे लागेल. लघवी घट्ट झाली की संसर्ग आणि खडे दोन्हींना वाव मिळतो, म्हणून निर्जळ उपवासाला ते बहुधा नाही म्हणतील. एकाशन त्यांनी मान्य केले तर दिवसा पाणी किती व केव्हा घ्यायचे हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा घरचा नेमही सांभाळता येतो का ते कळेल. झोपण्यापूर्वी पिशवी रिकामी करायची. आणि आज पाणी कमी प्याले म्हणून दुपारची कॅथेटरची वेळ मात्र टाळायची नाही. पूजा चालू असली तरी उठायचे.